गावाबाहेर पडलेले नाव : लखनौच्या निमित्ताने आडनावांचा विचार

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मराठी मुलाला आपले आडनाव खऱ्या अर्थाने भेटते ते शाळेच्या हजेरीपटावर. घरी तो बाळू किंवा बंड्या असतो. पहिलीच्या पहिल्या दिवशी तो एकाएकी जोशी, मोरे किंवा तांबोळी होतो. आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, हा हजेरीचा क्रम. म्हणूनच शाळासोबती एकमेकांना जन्मभर आडनावाने हाक मारतात, आणि चाळीस वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटले तर नाव आठवले नाही तरी आडनाव आठवते. सहस्रबुद्ध्यांच्या मुलाला गणितात भोपळा मिळाला की वर्गात हशा पिके. पण हे शब्द आले कोठून, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नसे. सगळ्यांनाच आडनावे असतात आणि सगळ्यांची याच मातीतली, तेव्हा त्यांचे नवल कोणाला वाटणार?

आडनावाचे नवल वाटू लागते ते घराबाहेर. जेथे ते लिहून घेणाऱ्याला नीट लिहिता येत नाही, ऐकणाऱ्याला त्यावरून माणसाचे गाव, धंदा, जात काहीच उमगत नाही, तेथे ते उघडे पडते आणि आपला अर्थ सांगू लागते. म्हणून या व्याख्यानासाठी पुण्या-साताऱ्याऐवजी लखनौ हे ठिकाण घेतले आहे. मराठी आडनावांनी लखनौशी जोडलेले नाते विलक्षण आहे, आणि फारसी, उर्दू, काश्मिरी, बंगाली, पंजाबी अशा अनेक भाषांची आडनावे या शहरात शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

लखनौच्या कैसरबागेत नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातला परीखाना आहे. तेथे आज संगीताचे विश्वविद्यालय आहे आणि त्याचे नाव भातखंडे. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे, जन्म १८६० सालचा. राय उमानाथ बली यांच्यासारख्या स्थानिक रसिकांच्या साह्याने त्यांनी १९२६ साली लखनौला संगीताचे महाविद्यालय उभे केले. त्या वेळी त्याला नाव मिळाले ते प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. १९६६ साली मॅरिस हे नाव जाऊन भातखंडे हे नाव आले. तेव्हापासून लखनौकरांच्या तोंडी हे माणसाचे आडनाव उरलेले नाही; ते एका जागेचे, जवळजवळ एका विद्येचेच नाव झाले आहे. ‘भातखंडेमध्ये शिकतो’ असे एखाद्या मुलाने म्हटले की तेथे कोणाला त्यातला भात दिसत नाही की खंडी दिसत नाही. कानाला सूर तेवढा ऐकू येतो. आडनावाचा अर्थ कोशात पाहून पुरा कळत नाही, हे येथेच ध्यानात घ्यावे. शब्दाची फोड हा एक अर्थ. लोकांनी त्या शब्दाला लावलेला अर्थ हा दुसरा, आणि पुष्कळदा तोच टिकतो.

या महाविद्यालयाचा भार पुढे अनेक वर्षे ज्यांनी वाहिला ते प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. त्यांच्या आडनावाची घडण मराठी माणसाला उलगडून सांगावी लागत नाही : रातंजन हे गाव, त्याला ‘कर’ लागला. पण या साध्या रचनेत एक गंमत दडलेली आहे. रातंजनमध्ये राहणाऱ्या माणसाला रातंजनकर कोण म्हणणार? तेथे सगळेच रातंजनचे. हे आडनाव गावाची वेस ओलांडल्याशिवाय जन्मालाच येत नाही. दुसऱ्या गावात कोणीतरी विचारतो, ‘कोठले आपण?’ आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढ्यांना चिकटते. ज्या ज्या आडनावाला ‘कर’ आहे, त्या त्या घराण्यात कोणीतरी, केव्हातरी, गाव सोडलेले आहे. आडनावांच्या यादीत ‘कर’ किती आहेत हे मोजले तर मराठी समाज किती हिंडला याचा अंदाज येतो.

संस्कृत व्याकरणाने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. गावावरून माणसाला नाव देण्याचे नियम सांगताना पाणिनीने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : निवास आणि अभिजन. पतंजलीने त्यांचा फरक उलगडला आहे. माणूस आज जेथे राहतो तो निवास. त्याचे पूर्वज जेथे राहिले तो अभिजन. मराठी ‘कर’ बहुतेक वेळा अभिजन सांगतो. रातंजनकरांची हयात मुंबई, बडोदे आणि लखनौ यांच्याशी बांधलेली; आडनाव मात्र त्या एका गावाचे.

लखनौच्या उर्दू कवींकडे पाहिले म्हणजे हीच दोन नाती दुसऱ्या वेषात भेटतात. लखनौ जिल्ह्यातल्या आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मलिहाबादचे जोश, ते जोश मलिहाबादी. फारसीतून आलेला हा शेवटचा ‘ई’ आपल्या ‘कर’चे काम चोख बजावतो. येथे तो जन्मभूमी सांगतो. पण मजाज यांचा जन्म रुदौलीचा; ते कीर्ती पावले मजाज लखनवी म्हणून. एकाने अभिजन घेतला, दुसऱ्याने निवास. कायस्थांतले माथुर मथुरेचे. श्रीवास्तव हे नाव परंपरेने श्रावस्तीशी जोडले जाते. पंजाबातले अहलुवालिया अहलू गावचे. कर्नाटकात तर प्रत्ययाचीही गरज भासत नाही, गावाचे नाव जसेच्या तसे माणसाला लावतात : गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर. उर्दू कानाला यातला ‘मन्सूर’ सरळ अरबी वाटेल, कारण अरबीत त्याचा अर्थ विजयी असा होतो. प्रत्यक्षात ते धारवाडजवळचे एक गाव आहे. आवाजावरून आडनावाची भाषा ठरवणारा असा हमखास फसतो.

एकाच माणसाला दोन आडनावे असण्याचा काळही फार जुना नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या सुमारास द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडले. त्यांनी लिहून ठेवलेले ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे नाव लिहितात ते विष्णुभट गोडसे वरसईकर. गावात असताना ते गोडसे, कारण वरसईत इतर घराणीही होती; गावाबाहेर ते वरसईकर. विचारणारा बदलला की उत्तर बदलले. या पुस्तकाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने केला तो लखनौच्या चौकात आयुष्य घालवलेल्या अमृतलाल नागर यांनी. नागर हे मूळ गुजरातेतले घराणे. अमृतलालांचा जन्म आग्र्याचा, कर्मभूमी लखनौ, लेखनाची भाषा हिंदी. एका कोकणी भिक्षुकाची मराठी हकीकत गुजराती आडनावाच्या लखनवी लेखकाने हिंदीत नेली. त्यांच्या आडनावावरून यातले काही ओळखता आले असते का?

गोडसे वरसईकरांसारखीच जोडी काश्मिरी पंडितांत आढळते. नेहरूंचे पूर्वज कौल. अठराव्या शतकाच्या आरंभी ते दिल्लीला आले, कालव्याकाठी त्यांना घर मिळाले, आणि कालव्याला फारसीत ‘नहर’ म्हणतात म्हणून ते कौल-नेहरू झाले; काही काळाने कौल गळाले. पंडित जवाहरलालांनी आत्मचरित्रात हीच हकीकत दिली आहे. मराठीत दोन आडनावांपैकी एक गळण्याचे प्रसिद्ध उदाहरण तात्या टोपे यांचे. त्यांचे मूळ आडनाव येवलेकर. वडील दुसऱ्या बाजीरावांबरोबर गंगेकाठी बिठूरला आले, आणि तेथे येवलेकराचे टोपे झाले. कोणी म्हणतात पेशव्यांनी दिलेल्या मानाच्या टोपीवरून, कोणी म्हणतात तोफेवरून. तोफेची उत्पत्ती अधिक शोभिवंत आहे, आणि नेमके म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहावे. लोकांना शूराच्या नावात शस्त्र हवे असते.

आता लखनौच्या कचेरीत शिरू. अवधच्या दरबाराची भाषा फारसी होती, आणि लिहिणाऱ्याला फारसीत ‘नवीस’ म्हणतात. अर्ज लिहितो तो अर्जीनवीस, सुंदर अक्षर काढतो तो खुशनवीस. हे शब्द लखनौच्या माणसाला परके नाहीत. त्याच्यासमोर एखाद्या मराठी माणसाने आपले आडनाव चिटणीस आहे असे सांगितले तर तो क्षणभर गोंधळेल. पण ‘चिट्ठी-नवीस’ म्हटले की लगेच हसून मान डोलावेल. फर्दनवीसाचा फडणीस झाला, फारसीनवीसाचा पारसनीस, वाकिआनवीसाचा वाकनीस, फोतानवीसाचा पोतनीस. मजमूअदाराचा आपल्याकडे मुजुमदार झाला आणि बंगालमध्ये मजुमदार. दोघांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध शून्य, कामाचा संबंध पक्का. नाना फडणीस जन्माने भानू. आज शाळकरी मुलाला भानू हे आडनाव सांगितले तर तो कोणाविषयी बोलणे चालले आहे असे विचारील. हुद्द्याने घराणे गिळले.

या ठिकाणी इतिहासाने केलेली एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजले. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, वाकनिसाला मंत्री, सरनोबताला सेनापती अशी नावे मिळाली. राज्याच्या कागदांवर त्यांचा अंमलही झाला. पण घरोघरची आडनावे त्या कोशाने बदलली नाहीत. आज अमात्य आहेत, सचिव आहेत, तरी मुजुमदार आणि वाकनीस नाहीसे झालेले नाहीत, सरनोबतही आहेत. राजाज्ञेने हुद्दा बदलतो. शेजाऱ्याच्या तोंडातली हाक बदलायला राजाज्ञा पुरत नाही.

हा अनुभव फक्त आपलाच नाही. हंगेरीत लोहाराच्या व्यवसायावरून आलेले कोवाच हे आडनाव अतिशय रूढ आहे, आणि तो शब्द मुळात हंगेरियन नाही. तो शेजारच्या स्लाव्ह भाषांचा. (हंगेरीत आडनाव नावाच्या आधी लिहितात, अगदी आपल्या हजेरीपटासारखे. तेलुगू भाषकांचेही घराण्याचे नाव आधीच येते.) गोव्यातले फर्नांडिस म्हणजे पोर्तुगीज अर्थाने फर्नांडोचा मुलगा, आणि परेरा म्हणजे पेअरचे झाड, पण ज्या गोमंतकीय घरांत ही आडनावे आहेत, त्यांच्या अंगणात नारळ आणि फणस आहेत. तुर्कस्तानात १९३४ साली कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणे भाग पाडले, तेव्हा मुस्तफा कमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव तेथील संसदेने दिले. आडनाव घराण्याइतकेच सरकारी कागदाचे अपत्य असते, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

लखनौच्या काश्मिरी मोहल्ल्याकडे वळले तर हा धडा अधिक तीव्र होतो. आनंद नारायण मुल्ला हे उर्दूचे कवी, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि १९६७ साली लखनौतून लोकसभेवर निवडून आलेले अपक्ष खासदार. आडनाव मुल्ला, आणि घराणे काश्मिरी पंडितांचे. उर्दू कवितेत नाव कमावलेले लखनौचे दुसरे वकील ब्रिजनारायण चकबस्त. ‘चक’ म्हणजे जमिनीचा तुकडा, ‘बस्त’ म्हणजे बांधणी, तेव्हा हे नाव जमिनीच्या हद्दी आखण्याच्या कामाचे. उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याला ‘चकबंदी’ आजही ठाऊक आहे. फारसी दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या हिंदू घरांनी फारसी हुद्दे आपलेसे केले. तेव्हा आडनावाची भाषा आणि माणसाचा धर्म या दोन गोष्टी एकमेकींवर बसवून पाहणाऱ्याने मुल्ला आणि पारसनीस ही दोन नावे शेजारी ठेवून थोडे थांबावे.

उलट दिशेने चुकणाराही असतो. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत. मराठी माणसाला हे नाव ऐकताच गोविंदपंत आठवतात, कारण आपल्याकडे ‘पंत’ हा नावाला जोडायचा आदरार्थी शब्द. तो पंडित शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. कुमाऊँमधल्या पंत घराण्यांची परंपराही सांगते की त्यांचे मूळपुरुष महाराष्ट्रातून हिमालयात गेले. आपल्याकडे जो आदर नावाला लागत होता, तो तेथे आडनाव होऊन बसला. या पंतांना मराठी येत नव्हते आणि येण्याचे कारणही नव्हते. आडनाव मूळ सांगते म्हणून माणूस मूळचा राहतो असे नाही.

आता त्या आडनावाकडे, जे लखनौमध्ये भातखंडे या नावाहूनही अधिक ठिकाणी लिहिलेले आढळते. १९९६ साली स्थापन झालेले तेथील केंद्रीय विद्यापीठ डॉ. बाबासाहेब भीमराव आंबेडकरांच्या नावाचे. गोमतीनगरातले विस्तीर्ण स्मारक त्यांच्याच नावाचे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत त्यांचे पुतळे उभे आहेत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या लहानशा गावावरून आलेला शब्द एवढ्या मोठ्या प्रदेशात घरोघरी पोचला आहे.

या आडनावाचा जन्म शाळेतला आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ. सुभेदार रामजींनी मुलासाठी गावावरून आडनाव योजले. प्रचलित हकीकत अशी की आंबडवेकर हे नाव शाळेत आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी आंबेडकर असे केले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. ज्या शाळेत त्या मुलाला बाकी मुलांपासून वेगळे बसावे लागत असे, त्याच शाळेच्या कागदावर त्याला हे नाव मिळाले. त्यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावावरून पडलेले आडनाव जात सांगत नाही. आंबडवे हे गाव सगळ्यांचे असते. ‘कर’ ब्राह्मणाला लागतो, मराठ्याला लागतो, सोनाराला, भंडाऱ्याला, महाराला लागतो. मराठी आडनावांत समतेला वाव असलेला प्रत्यय कोणता, असे विचारले तर ‘कर’ हेच उत्तर द्यावे लागेल. उत्तर प्रदेशात पूर्ण नाव विचारणारा पुष्कळदा नावापाठीमागची जात विचारत असतो. म्हणूनच तेथे कित्येक घरांनी नावापुढे कुमार किंवा प्रसाद लावून तो प्रश्न टाळला. मराठी ‘कर’ ऐकून विचारणाऱ्याची अडचण होते. ती होऊ द्यावी.

बाबासाहेबांचे नाव लखनौच्या कागदांवर मात्र दीर्घकाळ वेगळ्या रीतीने लिहिले जात होते. हिंदीत ते ‘अंबेडकर’ किंवा ‘अम्बेडकर’ असे, आरंभी ऱ्हस्व अ देऊन, आणि वडिलांचे नाव गाळून. मुंबईचे राम नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल असताना त्यांनी हा विषय लावून धरला. संविधानाच्या प्रतीवर खुद्द बाबासाहेबांनी केलेली सही त्यांनी पुढे ठेवली. अखेर २८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने आदेश काढला : सर्व अभिलेखांत नाव ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असे लिहावे.

त्यावरून वाद उठला, आणि त्या वादाचे निम्मे कारण दोन प्रदेशांतली नावे लिहिण्याची पद्धत हे होते. उत्तर प्रदेशात वडिलांचे नाव सहसा मुलाच्या नावात येत नाही. तेथे ‘रामजी’ मधोमध वाचणाऱ्याला त्यात दैवत दिसले, आणि ते का घातले असा संशय आला. मराठी वाचकाला त्यात केवळ सुभेदार रामजी मालोजी दिसतात, मुलाच्या शिक्षणासाठी झटलेला बाप. आदेशामागचे राजकारण कोणाचे कोणते, यावर मतभेद राहणारच. पण नावाच्या बाजूने पाहिले तर ‘आ’ ची दुरुस्ती योग्य होती हे निर्विवाद. एका मात्रेने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने आपल्या मुलाच्या दाखल्यावर एक मात्रा चुकलेली असताना किती खेटे घातले ते आठवावे.

कारण हिंदी प्रदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची ही रोजची कथा आहे. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. केळकरांचे केलकर होतात, काळ्यांचे काले, होळकरांचे होल्कर. १९१६ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य लखनौला आले, त्यांचेही नाव तेथे टिळक राहिले नाही, तिलक झाले. (भाषाशास्त्राच्या दृष्टीने हिंदीने टिळ्याला त्याच्या संस्कृत घरी परत नेले, तक्रारीला फारशी जागा नाही.) शिंद्यांचे नाव इंग्रज दफ्तरांत भलतेच होऊन बसले आणि हिंदीने ते ‘सिंधिया’ म्हणून उचलले. राजघराण्यांचे यात काही अडले नाही. पण सामान्य मुलाच्या जन्मदाखल्यावर केळकर, शाळेच्या गुणपत्रिकेवर केलकर आणि आधारपत्रावर इंग्रजीतून परत फिरून आलेले तिसरेच काही असले, तर एकच माणूस तीन माणसे ठरतो आणि त्याला शपथपत्र करावे लागते. बदली होऊन परप्रांतात जाणाऱ्या पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला हातात पडताच त्याच ठिकाणी वाचून पाहावा. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेचा दाखला हा पुष्कळदा ळ शाबूत असलेला शेवटचा कागद असतो.

आडनावांच्या या सगळ्या चर्चेत अर्धा समाज बाहेर राहतो, तो स्त्रियांचा. आतापर्यंत जी गावे, जे हुद्दे सांगितले, ते सगळे बापाकडून मुलाकडे गेलेले. मराठी रीतीत लग्नानंतर मुलीचे आडनाव बदले, मधले नाव बदले, कित्येक घरांत पहिले नावही बदले. तीन शब्दांपैकी एकही तिचा उरत नसे. उत्तर प्रदेशातल्या पुष्कळ घरांत मुलीला आडनावच न देता नुसते ‘देवी’ किंवा ‘कुमारी’ लावीत, त्यामुळे तेथे बदलायलाही फारसे काही नसे. दोन्ही पद्धतींत सारखेच नाहीसे होणे आहे. महाराष्ट्र शासनाने आता वेगळी वाट धरली आहे : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर ठरवला आहे. ही मुले काही वर्षांतच शाळेच्या दारात येतील. पुढे त्यांतले कोणी लखनौला गेले, तर तेथल्या अर्जातल्या दोन रकान्यांत चार शब्द कसे बसवायचे हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहील, आणि आईचे नाव मधोमध पाहून विचारणारा पुन्हा एकदा गोंधळेल.

जुन्या विद्यार्थिनींच्या बाबतीत मात्र शाळेपाशी असे काही आहे, जे दुसऱ्या कोणाकडे नाही. रेशनपत्रिका, मतदारयादी, बँकेचे पुस्तक, सगळीकडे त्यांचे सासरचे आडनाव चढले. माहेरचे आडनाव ज्या कागदावर आजही स्वच्छ अक्षरात आहे, तो कागद म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. मेळाव्यात साठीच्या दोन बायका एकमेकींना ‘अगं पाटणकर!’, ‘ए शिकलगार!’ अशी हाक मारतात, तेव्हा ज्या नावाने त्या हाक मारतात ते नाव दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. स्मरणिकेत माजी विद्यार्थिनींची यादी छापताना संपादक मंडळाने ते माहेरचे आडनाव आधी, ठळक अक्षरात छापावे, आणि सासरचे त्याच्यापुढे.